चांदा जिल्ह्यातील सैनिक पूर्वजांचा शोध : लष्करी कागद आणि गावदप्तर

प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील अनेक घरांमध्ये एखाद्या पूर्वजाविषयी एकच वाक्य शिल्लक राहिलेले असते : 'आमचे आजोबा पलटणीत होते.' कोणती पलटण, कोणते साल, कोणती रणभूमी, परत आले तेव्हा घरी कोण उरले होते, यांपैकी काहीही सांगता येत नाही. एखाद्याच्या पेटीत तळाशी पदक असते, एखाद्याकडे घडीवर फाटलेले मुक्ततापत्र असते. बहुधा तेही नसते. स्थानिक इतिहासाचा प्रकल्प दिला की विद्यार्थी हे वाक्य घेऊन येतात आणि सैन्याकडे पत्र पाठवून माहिती मागवावी काय, असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर, पत्र अवश्य पाठवावे, परंतु ते शेवटी पाठवावे, असे आहे. या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर सामान्य शिपायाचा माग लष्कराच्या दप्तरापेक्षा तहसील कचेरीच्या, कोतवालाच्या आणि शाळेच्या दप्तरात अधिक टिकला आहे. लष्करी कागदात तो क्रमांकाने वावरतो. गावच्या कागदात तो मुलगा, पती, बाप आणि कास्तकार म्हणून येतो. हे दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून कसे वाचावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्मृतीची कालपरीक्षा

कागद शोधण्यापूर्वी घरातील आठवण कोणत्या काळात बसते हे ठरविणे आवश्यक आहे. जन्मसाल कोणालाच ठाऊक नसते. पण 'छप्पनच्या दुष्काळात ते रांगत होते' किंवा 'मानमोडीच्या साथीत त्यांची पहिली बायको गेली' अशी वाक्ये वडीलधाऱ्यांच्या तोंडी ऐकू येतात. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, अर्थात १८९९-१९०० चा दुष्काळ, आणि मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. या दोन खुंट्यांवर एका माणसाचे अर्धे आयुष्य टांगता येते.

दुसरी परीक्षा भरतीच्या धोरणाची. ब्रिटिश हिंदी लष्करात कोणत्या समाजास केव्हा प्रवेश होता, हे साल पाहिल्याशिवाय कळत नाही. महार समाजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले ते याच अन्यायाविरुद्ध. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासू लागताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत मोडलीही गेली. त्यानंतर हे दार उघडले ते १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली तेव्हा. दुसरी बटालियन १९४२ मध्ये नागपूरजवळच्या कामठीस उभी राहिली. ब्रह्मपुरी किंवा वरोरा भागातील एखाद्या महार कुटुंबात 'पणजोबा १९०५ साली शिपाई झाले' अशी आठवण असेल, तर ती खोटी ठरविण्याची घाई करू नये. परंतु तो शिपाई लढाऊ पलटणीतला असण्याचा संभव अत्यल्प आहे, हे ध्यानात घ्यावे.

मग तो कोठला असेल? येथे एक अडचण समजून घेतली पाहिजे. जंगलपट्टीतील बोलीव्यवहारात खाकी कपडे, पट्टा आणि बंदूक असलेला माणूस सरसकट 'शिपाई' असतो. जिल्हा पोलीस, तुरुंगाचा पहारा, वनखात्याचा गार्ड, अहेरीसारख्या मोठ्या जमीनदारीचे स्वतःचे शिपाई हे सगळे त्यात येतात. युद्धकाळात लष्कराबरोबर गेलेले खेचरवाले, हमाल, पाणके आणि स्वयंपाकीही घरच्या आठवणीत 'लढाईवर गेलेले'च असतात, आणि ते गेलेले असतातही. पहिल्या महायुद्धाचे पदक घरात असेल तर हा गुंता पुष्कळसा सुटतो. त्या काळच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पथक बारीक अक्षरांत ठसविलेले असे. राजाचे मुख आणि मागील बाजूस घोडेस्वार असलेले 'ब्रिटिश वॉर मेडल' लढाऊ शिपायास चांदीचे, तर मजूर पथकांतील लोकांस काशाचे मिळाले. पदक चिंचेने घासून लखलखीत करण्याची आपल्याकडील हौस मात्र संशोधकाच्या मुळावर येते. कडेची अक्षरे त्यात झिजतात.

दप्तराचा मुक्काम कोठे?

या जिल्ह्यांच्या इतिहासातील खरी अडचण भूगोलाची नसून राज्यकर्त्यांची आहे. गोंडराजांकडून अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. २० मे १८१८ रोजी ब्रिटिश फौजेने चांद्याचा किल्ला घेतला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. सिरोंचाचा भाग काही वर्षे अपर गोदावरी या स्वतंत्र जिल्ह्यात होता. तो जिल्हा १८७४ साली मोडला. १९०५ साली गडचिरोली तहसील अस्तित्वात आली. १९५६ पर्यंत चांदा मध्यप्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९६४ मध्ये त्याचे नाव चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला.

ही सनावळी सर्वांना पाठ असते. तिचा कागदपत्रांशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षित राहतो. धानोरा तालुक्यातील एखाद्या माणसाने १९१७ साली भरतीच्या वेळी सांगितलेला पत्ता 'जिल्हा चांदा, मध्यप्रांत' असाच असणार. आज 'गडचिरोली जिल्हा' म्हणून शोध घेतला तर हाती काही लागणार नाही. प्रांतिक सचिवालयाचे कागद नागपूरच्या पुराभिलेखागारात पाहावे लागतात, तसेच राज्य पुनर्रचनेमुळे काही धागे भोपाळपर्यंत जातात. भोसलेकालीन शिपायाचा शोध असेल तर मोडी वाचता येणे अपरिहार्य आहे. त्या काळातील शिलेदाराची नोंद त्याच्या नावापेक्षा पथक, घोडी आणि नेमणूक यांच्या हिशेबात सापडते. इतक्या मागे पोचणारी कुटुंबे थोडी असल्याने येथे त्याचा अधिक विस्तार करीत नाही.

सरकारविरुद्ध शस्त्र धरलेल्यांचे कागद कोठे असतात, हा प्रश्न मात्र या भूमीत टाळता येत नाही. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये उठाव केला. २९ एप्रिल १८५८ रोजी चिंचगुंडी येथील चकमकीत तारखात्याचे गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले व पीटर नावाचा तिसरा निसटला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने इंग्रजांनी बाबुरावांना पकडले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्यांच्यासोबत लढलेले व्यंकटराव बस्तरकडे गेले, १८६० मध्ये हाती लागले व जन्मठेपेवर गेले. अशा लढवय्यांची सेवापुस्तके असणार नाहीत, हे उघड आहे. त्यांचा माग न्यायालयीन कामकाज, जप्तीचे हुकूम आणि जमीनदारी कोणास दिली याचे महसुली आदेश यांत लागतो. लिहिणारा प्रतिपक्ष असल्याने व्यक्तीची आणि गावांची नावेही त्याने ऐकली तशी लिहिली आहेत. मोलमपल्लीचे 'मोनमपल्ली' त्यातूनच झाले. बाबुरावांच्या कुटुंबाविषयीची आपली बरीचशी माहिती मौखिक परंपरेतून आलेली आहे. परधानांनी गायिलेल्या वंशावळी हा त्या परंपरेचा कणा होय, आणि त्या ध्वनिमुद्रित करताना गाणाऱ्याचे गाव, दिनांक व पाठभेद नोंदविण्याची शिस्त आपण पाळली पाहिजे.

लष्कराकडे काय उरते

सामान्य शिपायाच्या सेवेचे कागद त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. म्हणून आधी पथक ठाऊक हवे. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगावी, महार रेजिमेंटसाठी मध्यप्रदेशातील सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिकरोड, ब्रिगेड ऑफ द गार्ड्ससाठी कामठी असा पत्ता बदलत जातो. त्यातही १९२२ च्या पुनर्रचनेत पलटणींचे क्रमांक बदलले. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या जुन्या मराठा पलटणी एकत्र येऊन ५ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १९१६ मध्ये मेसोपोटेमियात असलेला शिपाई एका क्रमांकाखाली आणि १९२५ मध्ये निवृत्तिवेतन घेणारा तोच शिपाई दुसऱ्या क्रमांकाखाली आढळतो. हे दोन भिन्न इसम समजून शोध सोडून दिला जाण्याचा धोका असतो.

याहून गंभीर बाब म्हणजे कागद जपण्याची मुदत. १९८७ च्या सेनाविषयक विनियमांनुसार निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाची सेवा-कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. कायम राहते ते केवळ 'लाँग रोल' नावाचे नोंदपुस्तक, आणि त्यात त्या माणसाच्या वाट्याला येते जेमतेम एक ओळ : क्रमांक, नाव, भरती व मुक्ततेचा दिनांक आणि असाच थोडा तपशील. दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्कराची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती. त्यांतील बहुसंख्य लोक शिपाईगिरीच्या निवृत्तिवेतनास लागणारी १५ वर्षांची सेवा पूर्ण होण्याआधीच घरी पाठविले गेले. म्हणजे १९४६ मध्ये मुक्त झालेल्या शिपायाचे कागद २५ वर्षांच्या हिशेबाने १९७१ च्या आसपासच नष्ट होण्यास पात्र झाले होते. आज पन्नाशीतील नातू अर्ज करतो तेव्हा त्याच्या जन्माच्या सुमारासच ते कागद गेलेले असू शकतात.

तरीही अर्ज करावा. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(३) मुळे २० वर्षांपूर्वीच्या घटनांसंबंधीची माहिती नाकारण्याची बहुतेक कारणे गळून पडतात. अर्जात मात्र केवळ नाव देऊ नये. वडिलांचे नाव, गाव, तहसील, जुना जिल्हा आणि भरतीचे अंदाजे साल द्यावे. हा तपशील कोठून मिळवावा? तो गावदप्तरातूनच मिळतो, म्हणून पत्राचा क्रम शेवटी लागतो.

युद्धात मृत्यू पावलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदणी हे फार मोलाचे साधन असून ते संगणकावर शोधता येते. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरलेली नव्हती. पलटणीच्या नावाखाली केवळ मृतांची संख्या दिलेली होती. या असमान वागणुकीचा स्वीकार आयोगाने २०२१ च्या अहवालात केला आहे. नोंदवहीत मात्र नावे आहेत आणि पुष्कळदा त्यापुढे पित्याचे नाव, गाव व जिल्हा, क्वचित पत्नीचे नावही आहे. शोध घेताना गावाच्या नावाची चार-पाच इंग्रजी रूपे करून पाहावीत. गडचिरोली हे जुन्या कागदांत 'गढचिरोली' असे 'ढ' दाखविणाऱ्या स्पेलिंगने येते.

गावदप्तरातील सैनिक

विदर्भात कोतवाल बुक कोणास माहीत नाही? जातपडताळणीच्या निमित्ताने त्याची नक्कल काढण्यासाठी तहसील कचेरीत लोक खेटे घालत असतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० व जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागत असल्याने घरोघरी जुन्या नकला जमल्या आहेत. दुर्दैव असे की त्या नकलेतील जातीचा रकाना वाचून झाला की ती फाइलमध्ये जाते. जन्माचा दिनांक, मृत्यूचे कारण, वय या रकान्यांकडे कोणी पाहत नाही. संशोधकाने नेमके तेच पाहायचे आहे.

जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बारसे होण्यापूर्वीच कोतवाल वर्दी देई, त्यामुळे 'अमक्यास मुलगा' एवढेच लिहिलेले असते. एका बापाच्या नावावरील अशा सर्व नोंदी दिनांकानुसार मांडल्या तर त्याच्या घरातील हजेरीचा आलेख तयार होतो. दोन-दोन, अडीच-अडीच वर्षांनी अपत्ये होत असताना मध्येच सहा वर्षे एकही नोंद नाही, आणि ती सहा वर्षे १९४० ते १९४६ अशी आहेत, तर हा पुरावा निर्णायक नसला तरी दुर्लक्षणीयही नाही. आजारपण, पत्नीचा मृत्यू, कामधंद्यासाठी स्थलांतर अशी अन्य कारणे असू शकतात. ती एकेक करून तपासावीत. पण ज्या माणसाचा लष्करी कागद नष्ट झाला, त्याची गैरहजेरी तरी येथे लिहिली गेलेली आहे.

१९१८ च्या पावसाळ्याअखेरची आणि हिवाळ्यातली पाने विशेष काळजीपूर्वक पाहावीत. इन्फ्लुएंझाची सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत मध्यप्रांताची गणना होते, आणि ही साथ तरण्याताठ्यांना अधिक नेणारी होती. मेसोपोटेमियातून १९१९ मध्ये परतणाऱ्या शिपायास घरी कोण भेटले असेल याचे उत्तर त्या पानांत आहे. पुढे १९२०-२१ च्या सुमारास पुन्हा अपत्यजन्माच्या नोंदी सुरू झाल्या, तर त्या दुसऱ्या पत्नीच्या असण्याची शक्यता लक्षात ठेवावी. पाटाच्या लग्नाची लेखी नोंद सहसा मिळत नाही. सावत्र भावंडांतील वयाचे अंतर आणि त्यांच्यातील जमिनीची वाटणी यांवरूनच ते ओळखावे लागते. 'आमच्या आजीला आधीची एक सवत होती' हे वाक्य अशा नोंदी दाखविल्यावर कित्येकदा घरातील वृद्ध स्त्रिया आपणहून सांगतात, तोवर सांगत नाहीत.

कोतवाल बुकात बाईचे नाव क्वचितच असते. ते असते महसुली कागदात. जुनी बंदोबस्त मिसल, मालगुजारी नष्ट झाल्यानंतर तयार झालेले १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, आणि पुढील फेरफार या तीन ठिकाणी पाहावे. या कागदांची भाषा मराठी, हिंदी आणि फारसी यांच्या मिश्रणाची आहे. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची पत्नी, बेवा म्हणजे अमक्याची विधवा. कास्तकार मरण पावल्यावर वारसांची नावे चढविताना 'बेवा' हा शब्द येतो आणि आयुष्यभर कोठेही न लिहिले गेलेले तिचे नाव प्रथमच कागदावर उमटते. नवरा युद्धात गेला असेल तर फेरफाराचे साल आणि मृत्यूचे साल यांत मोठे अंतर दिसू शकते. बातमी उशिरा आली, मृत्यूचा दाखला मिळाला नाही, दिराने नाव चढू दिले नाही, असे काय काय त्या अंतरात दडलेले असेल ते कुटुंबाकडूनच ऐकावे लागते. जंगलातील जमीनदारी गावांत मात्र हे कागद विरळ आहेत. तेथे मौखिक साधनांवरच अधिक भर द्यावा लागेल.

तिसरे दप्तर शाळेचे. चांद्याबाहेरचे पण सर्वांस ज्ञात असलेले एक उदाहरण त्याचे महत्त्व दाखविण्यास पुरेसे आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी सेवेतील; त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचा जन्म महूच्या छावणीत झाला. निवृत्तीनंतर कुटुंब दापोली व पुढे सातारा येथे आले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी तो मुलगा साताऱ्याच्या सरकारी शाळेत 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने दाखल झाला. केवळ 'सकपाळ' या आडनावाने शोधणाऱ्यास ही नोंद सापडली नसती. छावणीत जन्म, तिसऱ्याच गावी शिक्षण आणि गावावरून आलेले आडनाव हा क्रम असंख्य सैनिक कुटुंबांचा आहे. आपल्याकडील शिपायाची मुले कामठी, सागर किंवा जबलपूरच्या शाळेत शिकली असतील तर तेथील दाखल-खारीज रजिस्टर पाहावे; त्यात पालकाच्या व्यवसायाचा रकाना असला तर त्यावरून पलटणीचा धागा मिळू शकतो.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील फाइली

शेवटी एका साधनाकडे लक्ष वेधावयाचे आहे. निवृत्तिवेतन न मिळणारे दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना महाराष्ट्र शासन मासिक आर्थिक साहाय्य देत आले आहे. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे अर्ज करावा लागे आणि अर्जासोबत सेवेचा पुरावा जोडावा लागे. म्हणजे अभिलेख कार्यालयातून जे नष्ट झाले, त्याची छायाप्रत एखाद्या विधवेच्या अर्जाला जोडलेली आढळण्याचा संभव आहे. अशा फाइलीत तिचे पूर्ण नाव, वय, गाव, पतीची पलटण आणि तिच्या अंगठ्याचा ठसा एका ठिकाणी येतो. या फाइली खासगी स्वरूपाच्या आहेत, म्हणून वारसाच्या लेखी संमतीनेच त्या पाहाव्यात. विद्यार्थ्यास पाठविताना महाविद्यालयाचे पत्र आणि वारस दोघेही बरोबर असावेत. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांपैकी आज हयात असणारे कोणी जवळपास उरले नाहीत, आणि त्यांच्या विधवाही आता मोजक्याच आहेत. लाभार्थी संपले की त्यांच्या अर्जांच्या बस्त्यांचा प्रश्न येईल. प्रत्येक तालुक्यातील महाविद्यालयाने आपल्या परिसरातील दहा-दहा कुटुंबांचे कोतवाल बुक, फेरफार आणि ही फाइल यांचे एकत्रित टिपण या वर्षापासून करावयास घेतले, तर ते बस्ते निकालात निघण्यापूर्वी बरेचसे काम हातावेगळे होईल.